छताखालची नौका

मित्रांनो, मी एक जुनी, हातभर लांबीची लाकडी नौका आहे, पण मला समुद्राच्या पाण्याचा थेंबही कधी लागलेला नाही. डेन्मार्कच्या एका चिमुकल्या बेटावर, चर्चच्या छताला मी टांगलेली आहे. येप्पे नावाचा खलाशी वादळातून जिवंत परतला, तेव्हा त्याने मला स्वतः कोरून देवाला वाहिले.

एकाच दोरीवर लटकत असल्याने मी हळूहळू वळायची. माझे नाक दाराकडे वळले की समुद्रावरची माणसे घरी येतात, असे कोळ्यांच्या बायका मानत. गुड्रुनचा नवरा बुडाला त्या हिवाळ्यापासून ती दर रविवारी नेमकी माझ्याखाली बसे. किती वर्षे लोटली, तरी मी दाराकडे वळले की तिची मान वर व्हायची. माझे कौतुक ते एवढेच.

मग आमच्या पालिकेला बेटाचा वारसा पाहुण्यांना दाखवायची हौस आली. मला उतरवून संग्रहालयात नेले. तिथली माणसे हातमोजे घालूनच वस्तूंना हात लावत; त्या हातमोजेवाल्यांचा मला पहिल्यापासून संशय! त्यांनी माझ्यावरची मेणबत्त्यांची काजळी पुसली, शिडे धुतली, आणि परत आणल्यावर मी पडू नये म्हणून पुढून-मागून दोन तारांनी जखडून टांगले.

झाले, गावात कुजबुज सुरू. ही इतकी गोरी कशी? खरी नौका संग्रहालयाने ठेवून घेतली आणि आपल्या गळ्यात नक्कल मारली, असे कॉफी पिता पिता जो तो म्हणू लागला. गुड्रुन तर लांबच्या बाकावर जाऊन बसली. चर्चच्या मंडळाने मला अडगळीत टाकायचे जवळजवळ ठरवलेच. आपल्याच घरात परके ठरणे फार वाईट, मित्रांनो.

एका रविवारी प्रार्थनेनंतर गुड्रुन चर्चचा सेवक सोफुस याला म्हणाली, "आमची नौका वळायची. ही मेली खिळल्यासारखी उभी. काढ त्या तारा, मग बघू."

"पडली तर पालिका माझा जीव खाईल, गुड्रुनआजी."

"नक्कलच आहे ना? मग पडू दे की."

सोफुसने शिडी लावली, तारा काढल्या आणि मला जुन्या दोरीवर सोडले. मी हलेचना. मागे कोणीतरी हसले. आता अडगळ नक्की, असे मला वाटले. तेवढ्यात ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंना कॉफीची घाई झाली आणि त्यांनी दार उघडले. गार झुळूक आत आली. माझे नाक सावकाश दाराकडे वळले.

खरे सांगू? एका दोरीवर नक्कलसुद्धा वळली असती. हे कोणाच्या ध्यानात येऊ नये म्हणून मी मनात देवाचा धावा करत होते. गुड्रुन बराच वेळ बघत राहिली. मग उठली आणि माझ्याखाली, जुन्या जागी येऊन बसली.

"उशीर केलास गं," ती म्हणाली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा, पण त्यांना हलायला थोडी जागा ठेवा. घरच्यांनाच ओळख पटेना, असे जपणे काय कामाचे? सोफुसने त्या तारा कुठे लपवल्या ते मी पाहिले आहे, पण सांगणार नाही. हातमोजेवाल्यांचा काय भरवसा!