हातमोजा

सरांनी चमचा पुढे केला आणि बायकोने तोंड फिरवलं. दुधात कुस्करलेला बटाटा चमच्याच्या कडेवरून ओघळून तिच्या मांडीवरच्या रुमालावर पडला. त्याच्या मागोमाग ओठाच्या लोंबत्या कोपऱ्यातून लाळेची तार उतरली. लांबली, थबकली, पुन्हा लांबली. सरांच्या पोटातून काहीतरी वर आलं. ते त्यांनी गिळलं, चमचा वाटीत ठेवला आणि खिडकीबाहेर बघायला लागले. समोरच्या इमारतीत कुणीतरी चादर झटकत होतं.

"द्या इकडे, बाबा," लेक म्हणाली.

लेकीच्या हातचं ती मुकाट्याने खाऊ लागली. लाळ तेव्हाही गळत होतीच. लेक बोलता बोलता ती टिपत होती, सांडलेला चहा पुसावा तशी. सरांना बघवेना. ते उठले आणि आत ओट्याशी उभे राहून जेवले. बायकोचं अर्धं अंग गेल्यापासून ते तिथेच, भिंतीकडे तोंड करून जेवत.

लेक भांडी घेऊन आत आली.

"रविवारी मी निघणार, लक्षात आहे ना?"

"आहे."

"तुमच्या हातून ती एक घास खात नाही. वजन असंच उतरत राहिलं तर नाकातून नळी, डॉक्टर म्हणाले. आणि तसं झालं तर तिला घरी ठेवायचं तुम्हाला एकट्याला जमणार नाही. शुश्रूषागृहातच पाठवावं लागेल."

"खाईल. सवय होईल हळूहळू."

"बाबा," लेकीने आवाज उतरवला, "तिची वाचा गेलीय, अक्कल नाही गेली. तुमचा चेहरा दिसतो तिला."

सरांनी नळ सोडला आणि आपलं ताट विसळायला घेतलं. आयुष्यभर ते जीवरसायनशास्त्र शिकवत आले होते. उंदराच्या यकृताचा लगदा केला होता, दवाखान्यातून आलेल्या लघवीच्या बाटल्या हुंगून निदानाच्या पैजा लावल्या होत्या, आणि त्यानंतर चवीने जेवलेही होते. लाळ म्हणजे काय, तर पाणी, थोडे क्षार, थोडी प्रथिनं. हे झोपेतून उठवून विचारलं तरी त्यांनी सांगितलं असतं. लेक तान्ही असताना तिची लाळ त्यांच्या खांद्यावर वाळायची, तेव्हा काही वाटलं नव्हतं. या तारेपुढे मात्र सगळं शास्त्र शेपूट घालत होतं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात पहिल्या वर्षाचं प्रात्यक्षिक होतं. पिठुळ पाण्यात आयोडीनचा थेंब टाकला की ते निळंकाळं होतं. मग त्यात स्वतःची लाळ घालून रंग कसा उडत जातो ते बघायचं.

"ईई, सर! सगळ्यांसमोर थुंकायचं?"

"मग काय, पडदा लावून देऊ?"

"सर, पिपेटची नका घेऊ," मागून कुणीतरी ओरडलं. पिपेट म्हणजे वर्गातला सगळ्यात उंच, काडीसारखा मुलगा. "त्याने सकाळी दात घासले नाहीत!"

हशा पिकला. सर टेबलाच्या कडेवर टेकले. असा वर्ग मिळाला की त्यांची पाठदुखी पळायची.

"सकाळपासून घटाघट लाळ गिळताय सगळे, तेव्हा कुणाची तक्रार नव्हती. आता हीच नळीत थुंका आणि परत पिऊन दाखवा बघू."

वर्ग किंचाळला.

"बघा! आत होती तोवर आपली, ओठाबाहेर आली की घाण. या बोटभर वाटेत तिच्यात बदललं काय?"

"तिच्यात काहीच नाही," पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली. सतत हात वर असतो म्हणून तिला सगळे शंकासुर म्हणत. "आपल्यात बदललं."

"शाब्बास."

"पण सर, तुम्हाला दुसऱ्याचीसुद्धा चालते? अजिबात किळस येत नाही?"

"नाही," सर म्हणाले. इतक्या चटकन, की शंकासुराने नळीवरची नजर काढून त्यांच्याकडे पाहिलं.

दुपारी ते आपल्या संशोधनाच्या खोलीत गेले. तिथे यीस्टच्या पेशी फोडून त्यांतली प्रथिनं वेगळी करायचं काम वर्षानुवर्षं चाललं होतं. प्रथिनांचे पीळ सुटावेत म्हणून एक रसायन लागे. बाटलीचं बूच निघालं की सडकी अंडी आणि जळलेलं रबर एकत्र नाकात जात. सरांची संशोधक विद्यार्थिनी ते हवा खेचणाऱ्या कपाटात, हातमोजे घालून, श्वास रोखून हाताळायची. सर उघड्या हाताने. 'आमच्या वेळी कुठले आले हातमोजे' हे वाक्य तिला पाठ झालं होतं.

त्या दिवशी निघताना मात्र त्यांनी मांडणीवरून हातमोज्यांचं नवं खोकं काढलं आणि एक मुखपट्टीही घेतली.

"सर, तुम्ही आणि हातमोजे? सूर्य पश्चिमेला उगवला का आज?"

"घरी हवेत."

तिचा चेहरा एकदम मऊ झाला. "मॅडमचं सगळं तुम्हीच करता ना?"

सरांनी बूट घालायच्या निमित्ताने मान खाली घातली.

संध्याकाळी ते पट्टी लावून, हातमोजे चढवून बायकोसमोर बसले तेव्हा लेक दारातच थांबली.

"हे काय, बाबा? आई आहे ती, तुमचा उंदीर नाही!"

"चेहरा दिसतो म्हणालीस ना? झाकला."

"आणि हात?"

सरांनी चमचा भरला, पुढे केला. ती पट्टीकडे बघत राहिली, मग चमच्याकडे. आणि तिने तोंड उघडलं.

घास गेला. दुसरा गेला. लेक हळूच येऊन खुर्चीच्या टोकावर बसली.

तिसऱ्या घासाला सरांचा हात मधेच थांबला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे त्यांनी पोरांना आयुष्यभर घोकून घेतलं होतं. त्यांनी पट्टी हनुवटीखाली ओढली. त्याच वेळी तिच्या ओठातून बटाट्याने पांढरी झालेली तार सुटली, आणि त्यांच्या तोंडावर जे यायचं ते आलं. लपवायला वेळच मिळाला नाही. ती सरळ त्यांच्या डोळ्यांत बघत होती. तोंड तिने तरीही उघडलं.

म्हणजे चेहरा नव्हे.

मग त्यांनी उजवा हातमोजा काढला. चमचा ओठांपाशी पोचायच्या आत तिने मान फिरवली आणि चांगल्या हाताने त्यांचं मनगट लोटलं. हातमोजा घातला, तिने खाल्लं. काढला, लोटलं.

"पुरे, बाबा," लेक म्हणाली. तिने तोंडावर हात धरला होता. "तिला छळू नका. आत्ता माझ्या डोक्यात उजेड पडला. तुम्हाला खरंच येत नाही तो वास?"

"कसला?"

"हाताचा. तुमच्या त्या लॅबचा."

"मी साबणाने धुतो. दोनदा."

"धुता हो. तरी येतो. आई तुमचे शर्ट वेगळ्या बादलीत भिजवायची, ते काय तुम्हाला मान म्हणून? मला वाटायचं तुम्हाला माहीत आहे."

"मग ती कधी बोलली का नाही?"

"मी लहानपणी कुरकुर केली तर मला म्हणाली, 'जेवताना बाबांच्या डाव्या बाजूला बस, तिकडे कमी येतो.' आठवून बघा, ती स्वतः कधी बसलीय तुमच्या उजवीकडे?"

सरांनी उजवा पंजा नाकाशी नेला. साबण. पुन्हा हुंगलं, बोटांच्या बेचक्यात, नखांशी, शर्टाच्या बाहीला. साबण, फक्त साबण. बायको त्यांच्याकडे बघत होती. तिच्या तोंडाची चांगली बाजू हलली. ते हसू होतं की उरलेला बटाटा, ते कळायला मार्ग नव्हता.

त्यांनी दोन्ही हातमोजे नीट ओढून घेतले, उठले, आणि खुर्ची फिरवून बायको आपल्या डावीकडे येईल असे बसले. चमचा डाव्या हातात धरला. त्या हाताला सवय नव्हती. अर्धा बटाटा वाटेतच सांडला. चमचा पोचला तेव्हा तार पुन्हा सुटली आणि हातमोजा जिथे संपतो तिथे, उघड्या मनगटावर पडली. कोमट होती. सरांनी ओठ घट्ट मिटले, पण मनगट हलवलं नाही. त्याच मनगटावर तिचं नाक आलं होतं, आणि तिची एक नाकपुडी आक्रसली.

"काय करणार," सर म्हणाले.

पुढचा चमचाही डुगडुगत निघाला. तो पोचेपर्यंत ती थांबली, तोंड उघडं ठेवून.