वॉशरची चीर

आमच्या हॅलिफॅक्सच्या क्लबात क्लिफर्ड ऑग्डनसारखा नेमबाज नव्हता, आणि त्याच्याइतका तोंडाळही कुणी नव्हता. अर्धांगवायूने डावा हात गेला, तरी छऱ्यांची रायफल सुटली नाही. खुर्ची खिडकीशी लावायची, नळी उशीवर टेकवायची. छर्रा उडवणारी हवा दाबायची स्प्रिंग ताणायला मात्र दोन हात लागत, म्हणून ते काम बायकोचं. मॉरीन रायफल ताणून हातात द्यायची आणि हा तिनेच टांगलेल्या दाण्यांवर आलेली पाखरं टिपायचा.

"ताण पुन्हा," म्हणायचा. "तुझा लाल छातीवाला आलाय."

तो लाल छातीवाला मेला त्याच आठवड्यात मॉरीन रायफल घेऊन नॉर्मन ब्रिग्जच्या शेडमध्ये गेली. नॉर्मन आम्हा सगळ्यांच्या रायफली खोलून, घासून गुळगुळीत करून द्यायचा.

"सर्व्हिसिंगला नेते असं सांगितलंय त्याला," ती म्हणाली. "तू बिघडव."

"बंदच पाडतो की."

"बंद पडली तर नवी मागवेल. बिघाड आपल्यातच आहे असं वाटलं पाहिजे त्याला."

क्लिफर्डने नॉर्मनला वर्षानुवर्षं भर क्लबात 'तेल्या' म्हणून हाक मारली होती. नॉर्मनने लगेच रायफल खोलली. स्प्रिंगची काही वेटोळी कापली. पिस्टनच्या वॉशरला ब्लेडने बारीक चीर दिली, म्हणजे हवा कधी कमी गळेल, कधी जास्त, आणि छर्रा कधी वर लागेल, कधी खाली.

काही दिवसांतच क्लिफर्डने त्याला घरी बोलावलं.

"आवाज मऊ येतोय रे हिचा."

"ग्रीस भरलंय. मऊच यायचा."

"नळीवरची नेमाची दुर्बीण फिरवून बघितली. दोन छर्रे एका जागी पडत नाहीत."

नॉर्मनने खिडकीतून अंगणातल्या रंगाच्या डब्यावर नेम धरला. डबा मोठा होता, जवळ होता. लागला.

"रायफलीत काही नाही, क्लिफर्ड."

क्लिफर्ड बराच वेळ आपल्या उजव्या हाताकडे बघत बसला. मॉरीन चहा ओतत होती.

"मग मीच संपलो," तो म्हणाला.

"वय झालं तुझं," मॉरीन म्हणाली. "बिस्किट घे."

त्यानंतर तो खिडकीशी बसेना. जेवण भरवावं लागायला लागलं. रायफल त्याने नॉर्मनलाच देऊन टाकली. नॉर्मनने तिच्यात नवी स्प्रिंग, नवा वॉशर घातला आणि ईस्टरची स्पर्धा तिच्यावरच जिंकली. त्या संध्याकाळी पबमध्ये हे सगळं त्यानेच मला सांगितलं, हसत हसत. मीही हसलो.

स्पर्धेला मॉरीन क्लिफर्डला चाकाच्या खुर्चीतून घेऊन आली होती. निकाल लागल्यावर त्याने नॉर्मनचा हात धरला, सोडेचना.

"तू खरं बोललास," तो म्हणाला. "मी उगाच संशय घेतला तुझ्यावर."

मॉरीनने त्याच्या गुडघ्यांवरचं ब्लँकेट नीट केलं, ओठांवरची लाळ पुसली आणि खुर्ची ढकलत त्याला घेऊन गेली.