आवाज यायला न्हाई

सिदूनं फोन बदलावा, यावर लिंबागणेशापासून युसूफ वडगावापर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. असं एकमत आमच्याकडं सहसा होत नाही. साध्या हापशावरून गावात तीन तट पडतात. पण एका मेंढपाळानं नवा अँड्रॉइड घ्यावा म्हणून शेतकरी, दुकानदार, सोयरेधायरे सगळे एका सुरात बोलायला लागले होते. आपल्या भल्यासाठी एवढी माणसं एकत्र आली की आधी आपला खिसा चाचपून बघावा, एवढी अक्कल सिदूला होती.

जुना फोनही अँड्रॉइडच होता, पण नावापुरता. पोरगा सोमेश्वर चार वर्षांपूर्वी पुण्याला कंपनीत लागला, तेव्हा जाताना त्यानं आपला वापरलेला फोन बापाच्या हातात दिला होता. आता त्याची काच तडकली होती. बॅटरी फुगून पाठीचं झाकण वर आलं होतं, आणि ते जागेवर राहावं म्हणून सिदूनं त्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी चढवली होती. व्हॉट्सअ‍ॅप उघडायला गेलं की तो आधी अपडेट मागायचा आणि मग अपडेटला जागा नाही म्हणून कुरकुरायचा. बोलणं तेवढं व्हायचं, तेही धड नाही. आणि खरं सांगायचं तर, ते धड होत नव्हतं यावरच सिदूचं पोट चालायचं.

ते कसं, हे सांगायला हवं. उन्हाळ्यात रानं मोकळी झाली की शेतकऱ्यांना आपल्या रानात मेंढरं बसवून हवी असतात. चार रात्री कळप बसला की लेंड्यांचं खत जागच्या जागी पडतं, आणि त्या बदल्यात शेतकरी धनगराला ज्वारी घालतो. रानं ढीगभर आणि कळप मोजके. त्यामुळं चैत्र-वैशाखात सिदूचा मान नवरदेवासारखा असायचा, आणि नवरदेवानं कुणाला नाही म्हणायचं नसतं. तो एकाच आठवड्यासाठी चौघांना हो म्हणायचा. मग ज्याची ज्वारी जास्त, त्याच्या रानाकडं मेंढरं आपोआप वळायची. बाकीचे तिघं फोन करून विचारायचे, कुठवर आलास? लिंबागणेशच्या माळावर लिंबाखाली पाय पसरून बसलेला सिदू सांगायचा, मांजरसुंबा मागं टाकलं की मालक. समोरचा फारच खोलात शिरायला लागला की फोनचा आवाज जायचा.

हा आवाज जाण्याचा प्रकार बघण्यासारखा होता. सिदू फोन कानापासून हातभर लांब धरायचा, डावी भुवई वर चढवायचा, आणि त्या फोननं भर पंगतीत आपला अपमान केल्यासारखं त्याच्याकडं बघत म्हणायचा, "हालो... हालो... आवाज यायला न्हाई." असं तीनदा, दर खेपेला जरा हळू. मग अंगठा दाबायचा. समोरच्याला यातलं काही दिसत नसताना तोंडाचा एवढा खटाटोप कशाला, असं साखराबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, एकदा विचारलं होतं. त्यावर सिदूचं म्हणणं असं, की खोटं नुसत्या जिभेनं बोललं तर पकडलं जातं. ते सगळ्या तोंडानं बोलावं लागतं. सोमेश्वर लहान होता, मेंढरामागं असायचा, तेव्हा साध्या बटणांच्या फोनवरचा बापाचा हाच खेळ बघून पोट धरून हसायचा.

युसूफ वडगावच्या भगवानरावांना या आवाजाचा पुरता अनुभव होता. सलग दोन उन्हाळे ते बांधावर उभे राहून वाट बघत राहिले, आणि सिदूची मेंढरं त्यांच्या भाऊबंदाच्या रानात बसून गेली. यंदा त्यांनी केजच्या बाजारात सिदूला गाठलं आणि नव्या फोनचे फायदे समजावून सांगितले. त्यात लोकेशन टाकता येतं. मेंढरं कुठं आहेत ते त्यांना घरी ओसरीवर बसून दिसेल. सिदूला सारखं फोनवर बोलायचा त्रासच नको. माणूस अगदी कळकळीनं बोलत होता. सिदूनं मान डोलावली आणि मनात म्हणाला, घंटी आपण मेंढराच्या गळ्यात बांधतो. ती स्वतःच्या गळ्यात बांधून घ्यायची आणि वर दुकानदाराला पैसे द्यायचे, हा कुठला शहाणपणा?

साखराबाईचं कारण वेगळं होतं. तिला पोराचं तोंड बघायचं होतं. पालापालातल्या बायकांकडं आता व्हिडिओवर बोलायचे फोन होते. कुणी नातवाला बघायची, कुणी लेकीच्या हातातल्या बांगड्या बघायची. हिच्या वाट्याला मात्र ट्यूबची पट्टी लावलेला फोन आणि त्यातून विहिरीतून आल्यासारखा पोराचा आवाज. तिनं हट्ट धरला नाही. ती फक्त दर दोन दिवसांनी, भाकरी थापता थापता, सोमाला दाढी आली असंल न्हाई, असं म्हणायची. सिदू ऐकायचा आणि मेंढरं मोजायला उठायचा.

पण शेवटी त्याला फोन घ्यावाच लागला, तो भगवानरावांसाठी नाही आणि साखराबाईसाठीही नाही. यंदा कळपात बावीस माद्या कोकरं झाली होती. नर कोकरू विकायचं आणि मादी राखायची, हा धनगराचा रिवाज. मादी राखली म्हणजे पुढची आठ-दहा वर्षं मेंढरामागं चालायचं कबूल केलं, आणि मादी बाजारात नेली म्हणजे कळप मोडायला काढला, हे कुणी बोलून दाखवायची गरज नसते. सिदूचे गुडघे आता चढाला आवाज करत होते. आठ-दहा वर्षं तो चालणार नव्हता. सोमेश्वर चालणार असेल तर माद्या राखायच्या, नसेल तर येत्या नेकनूरच्या बाजारात उभ्या करायच्या. एवढा एकच प्रश्न होता आणि तो पोराला विचारायचा होता.

तो विचारायचा नाही असं नव्हतं. दर रविवारी दुपारी सोमेश्वरचा फोन यायचा. जेवलास का, कंपनीत पाळी कुठली, खोलीचा मालक बरा हाय का, हे सगळं चांगलं चालायचं. मग सिदू घसा साफ करून विचारायचा, की औंदा कोकरं लई गोजिरी हायत, तू येनार असशील तर माद्या ठिवतो, काय करू? नेमका तिथं फोन दगा द्यायचा. पलीकडून सोमेश्वर म्हणायचा, आबा, आवाज यायला न्हाई. मग हालो, हालो, आणि बंद. असं चार रविवार झालं. सिदू फोनला शिव्या घालायचा. जेवणाखाण्याचं सगळं ऐकू जातं आणि मेंढराचं काढलं की मुकं होतं, असलं नासकं यंत्र जगात दुसरं नसेल, असं तो साखराबाईला सांगायचा. साखराबाई भाकरी उलटायची.

बाजार पंधरा दिवसांवर आला तेव्हा सिदूनं एक शिंगाळा मेंढा विकला आणि मांजरसुंब्याला अजिनाथच्या मोबाइलच्या दुकानात गेला. अजिनाथनं काचेवर चार फोन मांडले. कुणाचा कॅमेरा किती, कुणाची बॅटरी किती, कशात कुठला खेळ चालतो, हे तो पाव तास सांगत राहिला. सिदूनं सगळं ऐकून घेतलं, जनावर घेताना दलालाचं ऐकावं तसं, आणि एकच विचारलं.

"आवाज जानार न्हाई ना?"

"मामा, कानात बसून बोलल्यावानी यील," अजिनाथ म्हणाला. "गेला तर फोन परत आना. म्या सोता बदलून दीन."

एवढ्यावर सौदा झाला. अजिनाथनं सगळं चालू करून दिलं, जुन्या फोनमधलं कार्ड नव्यात घातलं आणि लोकेशनचं बटणही दाखवायला लागला. सिदू म्हणाला, ते राहू दे. जुना फोन अजिनाथ दोनशे रुपयांत घ्यायला तयार होता. सिदूनं तो दिला नाही. पोरानं दिलेली वस्तू म्हणून नाही दिला असं त्यानं सांगितलं, आणि ते निम्मं खरं होतं. निम्मं असं, की इतक्या वर्षांचा भागीदार कुणी दोनशेत विकत नाही.

रविवार आला. माळावर रेंज चांगली होती, हे साखराबाईनं सकाळपासून तीन वेळा तपासलं होतं. मेंढरं दुपारची सावलीला बसली होती. तिनं नवं लुगडं नेसलं आणि कपाळावर केवढं तरी कुंकू लावलं, कारण आपणही पलीकडं दिसणार हे शेजारच्या पालातल्या बाईनं तिला सांगून ठेवलं होतं.

आणि खरंच, सोमेश्वर दिसला. लख्ख दिसला. गालावर दाढी होती, कपाळावर लहानपणी मेंढ्यानं मारलेल्या धडकेची खूण होती, मागं खोलीची निळी भिंत, भिंतीवर दोरी, दोरीवर टॉवेल आणि वर गरगर फिरणारा पंखा. वाळलास, असं साखराबाई म्हणाली. वाळलो नाही, तो म्हणाला. मग ती काचेवरच त्याच्या गालावरून बोट फिरवायला गेली, तर त्याचं चित्र कोपऱ्यात जाऊन बसलं आणि ते परत मोठं करता करता सिदूच्या नाकी नऊ आले. तिघंही हसले. अजिनाथ खोटं बोलला नव्हता. पोराचा हसण्याचा आवाज कानात बसल्यासारखा येत होता. सिदूला फार बरं वाटलं. एक मेंढा गेला तो सत्कारणी लागला, असं त्याच्या मनात आलं, आणि त्या भरात त्यानं फोन आपल्याकडं घेतला.

"सोमा, नेकनूरचा बाजार आला. बावीस माद्या हायत. तू येनार असशील तर ठिवतो. काय ते सांग, बाबा."

सोमेश्वरनं फोन जरा लांब धरला. त्याची डावी भुवई वर गेली. आणि भर पंगतीत कुणी अपमान केल्यासारखं फोनकडं बघत तो म्हणाला, "हालो... हालो... आबा, आवाज यायला न्हाई." मग तो हलायचा थांबला. चित्र अडकल्यासारखा, तोंड अर्धवट उघडं ठेवून, स्तब्ध बसून राहिला. त्याच्या मागं पंखा गरगर फिरत होता आणि दोरीवरचा टॉवेल हलत होता.

शंभर मेंढरांत लंगडणारं एक दुरून हेरणारा माणूस. त्याला पंखा दिसणार नाही असं कसं होईल? सिदू बघत राहिला. त्याला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त लाज वाटली. पोराची नाही, स्वतःची. चार रविवार त्यानं बिचाऱ्या फोनला शिव्या घातल्या होत्या. आणि मधेच, नको त्या वेळी, पोरानं भुवई किती बरोबर उचलली याचं कौतुकही त्याला वाटून गेलं. फक्त ते तीनदा म्हणायचं तो विसरला होता. घाईत होतं असं.

अडकलेल्या चित्राची पापणी लवली. असं बसून राहणं सोपं नसतं, हे सिदूला कळत होतं. आता पोराला सोडवायला हवं होतं.

"मला बी यायला न्हाई रे," सिदू म्हणाला. "हितं रेंजच न्हाई. ठिव तू. येळंवर जेवत जा."

त्यानं अंगठा दाबला. काचेवर नुसतं आभाळ आणि त्याचं स्वतःचं तोंड दिसायला लागलं. साखराबाई त्याच्या खांद्याला खांदा लावून बसली होती. तिला सगळं दिसलं होतं आणि सगळं ऐकू आलं होतं. ती बराच वेळ लुगड्याच्या काठाशी चाळा करत राहिली.

"अजिनाथ म्हनला हुता, आवाज गेला तर परत आना," ती म्हणाली. "न्यायाचा का?"

"न्हाई. फोन चांगला हाय," सिदू म्हणाला. "माद्या न्यायच्या बाजारात."

साखराबाईनं मान हलवली आणि चुलीकडं गेली. ती पाठमोरी झाल्यावर सिदूनं सावलीतली कोकरं मोजली. ती बावीसच होती. त्यानं पुन्हा मोजली.

तेवढ्यात फोन वाजला. नव्या फोनची घंटी कशी असते ते ठाऊक नसल्यानं आधी चार मेंढरं उठून उभी राहिली. भगवानरावांचं नाव काचेवर केवढं तरी मोठं आलं होतं. त्यांनी नेहमीसारखं विचारलं, कुठवर आलास? सिदूच्या तोंडात मांजरसुंबा आलं होतं. हातही सवयीनं लांब गेला, भुवई निम्मी वर चढली. पण समोरच्या काळ्या काचेत ती भुवई त्याला दिसली, आणि पुढचं बोलायला त्याची जीभ रेटेना.

"लिंबागणेशलाच हाय, मालक," तो म्हणाला. "दुसऱ्याला बी कबूल केलंय. त्याचं झाल्याबिगर तुमच्याकडं यायला जमत न्हाई. आठ दिवस धरा."

पलीकडं काही ऐकू येईना. रेंज भरपूर होती, आवाज स्वच्छ होता, मागं भगवानरावांच्या अंगणातली कोंबडीसुद्धा ऐकू येत होती. भगवानराव तेवढे बोलत नव्हते. शेवटी त्यांनी हळूच विचारलं,

"कोन बोलायलंय? सिदूच हाय ना?"

"व्हय, मीच हाय," सिदू म्हणाला, आणि उठलेली मेंढरं बसवायला गेला.