दोन किलोंनी खोटा

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. धुळ्याच्या देवपुरात गेली पंचवीस वर्षं मी सत्याशिवाय दुसरं काही सांगितलेलं नाही. फक्त दोन किलो जास्त दाखवतो.

म्हणजे माझ्यावर कोणी उभं नसलं तरी माझा काटा दोनावरच असतो. तरुणपणी एकदा टेबलावरून पडलो, तेव्हापासूनची सवय. मी कुठे बनलो तेही आठवत नाही, पोटाखालची चिठ्ठी कधीच झिजली. नवा होतो तेव्हा लोक वजनाआधी माझ्या काचेत भांग बघून घेत. आता रबर उडालंय, स्प्रिंग गंजलीय, डाव्या बाजूला तर काही कळतच नाही. पाय येतात, पाय जातात. मला फारसं काही वाटत नाही.

माझी जागा डॉ. संघमित्रा यांच्या होमिओपॅथी दवाखान्यात, टेबलाशेजारी. पेशंट माझ्यावर चढतात, आकडा वाचतात आणि तोंडातल्या तोंडात दोन वजा करतात. नव्या पेशंटला हे जुने शिकवतात.

त्यातल्याच एक बेबाबाई. मूळच्या पारोळ्याकडच्या, पण मुलगा हितेंद्र नरडाण्याच्या कारखान्यात कामाला लागला, म्हणून आता देवपुरात. गुडघ्यांसाठी यायच्या. इथला नियम असा, की साबुदाण्यासारख्या गोड गोळ्या बाटलीच्या झाकणात घ्यायच्या, हात लावायचा नाही. बेबाबाई बाटली अशी काही वाकडी करत की झाकणात नेमक्या चार पडत. दवाखान्यात ही कला दुसऱ्या कोणाला साधलेली नाही.

पावसाळ्यात त्या चढल्या तेव्हा मी छप्पन दाखवले. डिसेंबरात चढल्या, तेव्हा एकोणपन्नास.

"काटा बिघडना शे," बेबाबाई आपल्या अहिराणीत म्हणाल्या. "तीन तीन भाकरी खास मी. मंग वजन कोठे जास?"

"भंगारात द्या याला, मॅडम," हितेंद्र मोबाईलमधून मान न काढता म्हणाला. "आधी दोन किलो खोटं बोलायचा, आता धरबंधच राहिला नाही. आणि आई बारीक झाली असेल तर चांगलंच. गल्लीतल्या बाया विचारतात, काय डाएट करता म्हणून."

भंगार हा शब्द ऐकून मी हललो नाही. अंगावर कोणी नसताना काट्यानं हलू नये.

डॉक्टर खुर्चीतून उठल्या. चप्पल काढून स्वतःच माझ्यावर चढल्या. मी चौसष्ट दाखवले.

"परवाच नव्या काट्यावर माझं बासष्ट भरलं," त्या म्हणाल्या. "म्हणजे हा अजूनही दोनच किलो खोटा आहे. याची चूक वाढलेली नाही, हितेंद्रभाऊ. आईंचं वजन घटलंय. सात किलो."

हितेंद्रनं मोबाईल खिशात ठेवला.

मग डॉक्टर एकेक विचारत गेल्या. "छातीम्हा धडधड व्हस," बेबाबाई सांगू लागल्या. "आख्खा घरले थंडी वाजस, माले घाम. झोप नही. सून बिचारी 'चहा ठेवू का' म्हनस, तरी माले राग येस." दिवसातून चारदा संडासला जावं लागतं, हे मात्र त्यांनी माझ्याकडे बघत सांगितलं.

बोलता बोलता त्यांनी सवयीनं बाटली वाकडी केली. झाकणात दोन पडल्या, बाकीच्या जमिनीवर. काही घरंगळत माझ्याखाली आल्या. डॉक्टरांनी बेबाबाईंना दोन्ही हात पुढे करायला लावले आणि पसरलेल्या बोटांवर कोरा कागद ठेवला. पंखा बंद होता. कागद थरथरत होता.

"थायरॉईड जास्त काम करत असावं."

"थायरॉईडनं माणूस जाड होतो ना, मॅडम? आमच्या शेजारच्या सारिकाताईंना आहे."

"त्यांचं कमी काम करत असेल. हे उलटं. आजच रक्त द्या, ईसीजी काढा आणि फिजिशियनला दाखवा. थांबलात तर हृदयावर ताण येईल."

"तुम्हीच द्या ना, डॉक्टरबाई. तुमन्या गोळ्या गोड शेतस."

"देईन, पण सोबतीला. या बसा, मोकळं बोला, तेवढंच बरं वाटेल. थायरॉईड आटोक्यात आणायचं काम मात्र फिजिशियनच्या औषधाचं. ती गोळी माझ्या गोळ्यांमुळे बंद करायची नाही. गोड लागल्या म्हणून तर नाहीच."

रिपोर्टनं डॉक्टरांचंच म्हणणं खरं ठरवलं. फिजिशियनच्या गोळ्या सुरू झाल्या. दोन महिने बेबाबाई आल्या की हितेंद्र माझ्यासमोर उकिडवा बसून आकडा वाचायचा.

मार्चमध्ये मी त्रेपन्न दाखवले. "दोन वजा, एक्कावन्न," तो म्हणाला. भंगाराचा विषय त्यानं काढला नाही.

"आते बरं वाटस," बेबाबाई म्हणाल्या. "ती कडू गोळी बंद करी देऊ का?"

"नाही. पुन्हा रक्त तपासायचं, मग ते ठरवतील."

"बरं," असं म्हणून बेबाबाईंनी बाटली वाकडी केली. हितेंद्र झाकणाकडे वाकला. झाकणात चार पडल्या. खाली एकही नाही.

तर मित्रांनो, घरात कोणी पोटभर जेवूनही वाळत असेल, थंडीत घामेजत असेल, हात कापत असतील, छाती धडधडत असेल, तर "बारीक झालात" म्हणून कौतुक करू नका आणि काट्यालाही शिव्या देऊ नका. डॉक्टर गाठा, रक्त तपासा.

माझे दोन किलो दुरुस्त करायची गरज नाही, सगळ्यांना पाठ झालेत. फक्त डिसेंबरातल्या त्या गोळ्या अजून माझ्याखालीच आहेत, आणि त्या गोड आहेत. डाव्या बाजूला मला मुंग्या आल्यात. खऱ्या. तेवढं जरा झाडून घ्या.