लाल पडणारं गंध

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर महाराज बसले होते. गळ्यात अकरा माळा, दंडांवर तीन-तीन. माळांच्या दुकानातसुद्धा एखादा खिळा रिकामा असतो, महाराजांच्या अंगावर बोटभर जागा मोकळी नव्हती.

"गंध म्हणजे शोभा नव्हे, बाळांनो," माइकला ओठ चिकटवून ते सांगत होते. "गंध म्हणजे आत्म्याचा एक्स-रे!"

आणि एक्स-रे खरंच निघत होता. शिष्य ओल्या फडक्याने भक्ताचं कपाळ पुसायचा, महाराज हळदीचं पिवळं गंध लावायचे आणि बघता बघता ते लालभडक व्हायचं.

"पाप वर आलं!" महाराज गरजायचे. मग गळ्यात सिद्ध माळ पडायची, कपाळावर तीर्थ शिंपडलं जायचं आणि गंध पुन्हा पिवळं. पाप खलास! महाराजांचं स्वतःचं गंध मात्र सकाळपासून पिवळंधमक.

रांगेत थोरली जाऊ धाकटीचा दंड धरून उभी होती. थोरली वीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी धूत होती. धाकटीला फिट यायच्या. गोळ्यांमुळे दोन वर्षांत एकही आली नव्हती. गेल्या आठवड्यात महाराजांनी तिला माळ घातली आणि फर्मावलं, "औषध आणि माळ एका देहात नांदत नाहीत." गोळ्या बंद झाल्या. काल ती शेगडीपाशी कोसळली, मनगट भाजलं. त्यावर तिच्या नवऱ्याने, म्हणजे थोरलीच्या दिराने, निदान केलं, की पाप थोडं उरलंय. पुन्हा गंध लावून घेऊ.

"भाऊजी, अजूनही ऐका. आधी डॉक्टरकडे नेऊ हिला," थोरली रांगेतच दिराला म्हणाली.

"वहिनी, तुम्ही साबणात हात घाला, अध्यात्मात नको."

घरी सासूबाई चाळीस वर्षं माळ घालत होत्या. कशासाठी, असं विचारलं तर म्हणायच्या, "जिभेला लगाम म्हणून गं. खोटं बोलायला तोंड उघडलं की मणी टोचतो." इथे अकरा माळांतला एकही मणी कुणाला टोचत नव्हता.

धाकटीचा नंबर आला. शिष्याने कपाळ पुसलं, दोन थेंब थोरलीच्या हातावर ओघळले. तिने सवयीने बोटं चोळली. बुळबुळीत! हा बुळबुळीतपणा तिला झोपेतही ओळखू आला असता. धुण्याचा सोडा. हळदीचा डाग सोड्याच्या पाण्यात गेला की लाल होतो. धुलाईखान्यातल्या नव्या बाया रक्त समजून दरवेळी किंचाळतात.

तिने तीर्थाच्या तांब्यावर नाक नेलं. लिंबू! आंबट लागलं की तोच डाग परत पिवळा.

पुढच्या क्षणी तिने शिष्याच्या हातातलं फडकं ओढलं आणि थेट महाराजांच्या कपाळावर दाबलं.

गंध लाल झालं.

"पाहिलंत?" महाराज क्षणभरात सावरले. "तुमची पापं मी माझ्या कपाळी घेतली!"

आणि पुढच्या दोन रांगांनी हात जोडले.

"घेतलीत ना? मग आता हिचं पाप पुन्हा बघू," थोरली म्हणाली. तिने बाहेरच्या नळावरून पदर भिजवून आणला, धाकटीचं कपाळ खसाखसा धुतलं आणि महाराजांच्याच वाटीतलं गंध लावलं. सगळे माना उंचावून बघत राहिले. गंध पिवळंच राहिलं.

"सोडा आहे फडक्यात. तांब्यात लिंबू. घरी करून बघा. महाराज, हिचं मनगट भाजलंय तुमच्या एक्स-रेपायी!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. शिष्य तांब्या घेऊन मागच्या दाराने सटकला. तरीही रांगेतली पाचसहा माणसं हललीच नाहीत, एकजण म्हणाला, "ते असू दे हो, पण माळेने मला बरं वाटतं."

दीर जमिनीकडे बघत होता. धाकटीने हळूच विचारलं, "ताई, माळ काढू?"

"तुझी मर्जी. माळेने कुणाचं वाईट केलेलं नाही, तिच्या आडून बोलणाऱ्याने केलंय. आत्ता मात्र डॉक्टरकडे चल. गोळ्या पुन्हा कशा सुरू करायच्या, ते त्यांनाच विचारू."

वाचकहो, गंध लावा, माळ घाला. ती आपण कसं वागायचं याची स्वतःला दिलेली आठवण आहे. आजार हटवायचं काम तिचं नाही. ते तिच्या गळ्यात मारणारा कितीही गोड बोलो, त्याच्या शब्दावर एकही गोळी चुकवू नका.