रस्टीने खाल्लेलं चॉकलेट

साहेब-मेमसाहेब लंडनला गेल्यापासून रस्टीने अन्नाला नीट तोंड लावलं नव्हतं. जयराम हा राजापूरकडचा सुतार. आखातातल्या अहमदी शहरात त्यांच्या बंगल्यात स्वयंपाकघराची कपाटं बदलायचं काम त्याच्याकडे होतं, आणि जाताना साहेबांनी कुत्राही त्याच्याच हवाली केला होता.

शुक्रवारी दुपारी जुनं कपाट रिकामं करताना केकसाठी आणून ठेवलेल्या काळ्या चॉकलेटची लादी त्याच्या हाती लागली. सहज तुकडा पुढे केला, तर रस्टीने शेपटी हलवत तो मटकावला. चार दिवसांत पहिल्यांदाच! जयरामला इतकं बरं वाटलं की एकेक तुकडा मोडत त्याने अर्धी लादी भरवली.

तासाभराने रस्टी घरभर येरझाऱ्या घालू लागला. धापा टाकत सारखं पाणी पीत होता. जयरामने त्याच्या छातीवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. आत काळीज नुसतं धडधडत होतं.

तो धावत पलीकडच्या घरी गेला. तिथे शैलाताई राहत. इस्पितळात नर्स होत्या. त्या तशाच चपला सरकवून आल्या.

"काय खाल्लंय याने?"

"चॉकलेट. उचललंन कुठूनतरी."

त्यांचा चेहरा उतरला. "अरे, कुत्र्याला ते विषासारखं!"

"मिठाचं पाणी पाजू? ओकून टाकील."

"मुळीच नाही. त्याने आणखी बिघडेल. आधी डॉक्टरांना विचारू."

मेमसाहेबांनी फ्रिजवर जनावरांच्या डॉक्टरांचा, अशरफ यांचा नंबर चिकटवून ठेवला होता. शुक्रवारच्या सुट्टीमुळे दवाखाना बंद, पण डॉक्टर घरी सापडले. शैलाताई इंग्रजीत बोलत होत्या, मध्येच रिसीव्हर हाताने झाकून विचारत होत्या.

"वजन किती?"

"बारा किलो."

"चॉकलेट किती गेलं पोटात?"

जयरामने खिशातली उरलेली लादी चाचपली. साहेबांना कळलं तर परतीच्या विमानात बसवतील. "एकच तुकडा," तो म्हणाला.

पलीकडून काहीतरी उत्तर आलं. शैलाताईंनी सुस्कारा सोडला. "तेवढ्याने फारसं होत नाही म्हणतायत. घरीच लक्ष ठेवा." त्या रिसीव्हर ठेवायला निघाल्या. एवढ्यात रस्टीचे पाय थरथरले.

"ताई, थांबा!" जयराम ओरडला. "खोटं बोललो मी. अर्धी लादी मीच भरवली. ही बघा." त्याने खिशातून उरलेली लादी काढून तिचा कागद पुढे केला.

शैलाताईंनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि कागदावरचं वजन फोनमध्ये वाचून दाखवलं. डॉक्टरांची पुढची वाक्यं भराभर आली. शुद्धीवर आहे ना? झटके नाहीत ना? मग आत्ताच ओकवा.

जखमा धुवायचं तीन टक्क्यांचं पेरॉक्साइड शैलाताईंकडे होतं. त्यांनी पिचकारीत मोजून बारा मिली घेतलं. "डोकं मागे दाबू नकोस, ठसका लागेल. गालाच्या कडेने, हळूहळू." जयरामने रस्टीला मांडीशी धरलं.

पाच मिनिटं गेली. सात. मग रस्टीचं पोट आत ओढलं गेलं, आणि फरशीवर काळपट फेसाचा ढीग पडला. पुन्हा एकदा. जयरामला ती घाण बघून रडू फुटलं.

"अजून संपलेलं नाही," शैलाताई म्हणाल्या. "गाडीत घे त्याला."

डॉक्टरांनी त्यांच्यासाठी दवाखाना उघडला. कोळशाची काळी पूड पाण्यात कालवून पाजली, पायात सलाईन लावलं, आणि तासातासाने ठोके मोजले. जयराम बाकावर बसला नाही. टेबलाच्या कडेला उभा राहून तो रस्टीचा कान चोळत राहिला. सूर्य मावळायला आला तेव्हा थरथर थांबली. डॉक्टर हिंदीत म्हणाले, "आधा घंटा और छुपाता, तो मैं कुछ नहीं कर सकता था."

दुसऱ्या दिवशी जयरामने शैलाताईंच्या फोनवरून लंडनला साहेबांना सगळं सांगितलं. आपण आधी खोटं बोललो, तेही. मग साहेबांनी एवढंच विचारलं, "जेवला का तो?"

"हो साहेब," जयराम म्हणाला. "भात आणि उकडलेली कोंबडी. माझ्या हातून."