टिटवीची मागची सीट

मित्रांनो, मी एक जुनी मोटारसायकल आहे आणि खोटं मी कधी बोलत नाही. फक्त खरं जरा फुगवून सांगते. चाकात हवा नको का भरायला? तसंच.

माझं नाव टिटवी. टाकीवर बघा, पंख पसरलेला पक्षी दिसेल. त्याचा एक पंख उडालाय, तो एका बकरीने चाटून चाटून उडवला. आमची मूळ कंपनी मोठी. तिच्या पदरात गाड्यांचे तीन ब्रँड, म्हणजे तीन लेकीच म्हणा ना. थोरलीचा नुसता तोरा, धाकटीला नुसती घाई आणि मधली मी, कामाची. कारखान्यात शेवटचा नट आवळायच्या आत मी दाराकडे निघाले होते. चौघांनी मागच्या मडगार्डला धरून मला परत ओढलं!

मला घरी आणलं एका चष्मेवाल्याने. त्याला आपण काका म्हणू आणि त्याच्या बायकोला काकू. काकांचं गावात छोटं दुकान होतं, पण आठवड्यातून दोन दिवस ते लांबच्या वस्त्यांवर जाऊन लोकांचे डोळे तपासायचे. काका पुढे, काकू मागे आणि काकूंच्या मांडीवर भिंगांची लाकडी पेटी. काय सांगू आमचा थाट! एकदा पाऊस मागे लागला तर मी अशी सुटले, की तो नुसताच कॅरियरवर पडला, सीट कोरडी ठणठणीत! एकदा पेट्रोल संपलं, तेव्हा टाकीतल्या नुसत्या वासावर सात वस्त्या केल्या. हसू नका, त्या पेटीला विचारा.

पण माझं खरं काम वेगळंच होतं, आणि ते कारखान्यात कुणालाच माहीत नव्हतं. काका घरात अगदी मुका माणूस. जेवताना "मीठ" एवढाच शब्द. काकूही मग गप्प. पण एकदा का माझ्यावर बसले, की दोघांचे नळ सुटायचे. काकू काकांच्या कानात ओरडून सांगायच्या, काका समोर रस्त्याकडे बघत ओरडून उत्तर द्यायचे. भाऊबंदांचं भांडण, शेजारणीची खोड, नाही झालेलं मूल, सगळं त्या मागच्या सीटवरून पुढच्या सीटवर जायचं. उतरले की पुन्हा "मीठ".

मग एका सकाळी पेपरात बातमी आली. कंपनीने छापलं होतं, "टिटवीच्या प्रवासाला आम्ही सन्मानपूर्वक निरोप देत आहोत." बघा! प्रवास माझा आणि निरोप देणारे हे कोण? म्हणे तिन्ही बहिणी एकमेकींचीच गिऱ्हाइकं पळवतात, म्हणून मधलीला घरी बसवलं. आता नवी टिटवी निघणार नाही, सुटे भागही येणार नाहीत.

त्या दिवसापासून जो तो मला बघायला थांबायचा. "काका, जपा हं हिला. अशी पुन्हा मिळायची नाही." काकांच्या डोक्यात ते पक्कं बसलं. त्यांनी मला घराशेजारच्या गॅरेजमध्ये नेलं, जाड कव्हर घातलं, नाड्या बांधल्या. दर रविवारी कव्हर काढून मऊ फडक्याने पुसायचे आणि परत झाकायचे. किक मारायचेच नाहीत. झिजेन ना मी!

आता काका बसने जायला लागले. बसमध्ये पेटी ते स्वतःच मांडीवर घेऊन बसू शकत होते, मग काकूंचं काम काय? काकू घरी राहिल्या.

मित्रांनो, धुळीने मला कधी रडू आलं नाही, पण त्या कव्हराखाली आलं. टायर एका बाजूला चपटे झाले, पेट्रोलचा डिंक झाला, बॅटरी मेली. बाहेरून मी नवरीसारखी चकाचक, आतून गंजत चाललेली.

एका दुपारी नाड्या सुटल्या. बघते तर काकू! त्यांनी इकडेतिकडे बघितलं, पदर खोचला आणि मागच्या सीटवर चढून बसल्या. मांडीवर शेंगांची टोपली. शेंगा सोलता सोलता पुढच्या रिकाम्या सीटशी बोलायला लागल्या, "अहो, ऐकलंत का, समोरच्यांच्या मांजरीला पाच पिल्लं झाली." मग रोजच यायला लागल्या. काका बसने यायच्या आत पुन्हा कव्हर घालून घरात.

एक दिवस टोपली आणलीच नाही. नुसताच पदर बोटाला गुंडाळत बसल्या. मग म्हणाल्या, "अहो, रागावू नका. डाव्या डोळ्याने मला हल्ली नुसता धूर दिसतो. उजव्यातही तो यायला लागलाय. दूध उतू गेलेलं मला वासावरून कळतं. परवा सुईत दोरा ओवता आला नाही, तर तुम्ही म्हणालात, 'काय वेंधळी झालीस गं!' मी हसले. तुम्ही अख्ख्या मुलखाचे डोळे तपासता. तुमच्याच बायकोला दिसत नाही, हे कोणत्या तोंडाने सांगू?"

आणि दारात काका उभे! त्यांची जायची बस चुकली होती. बोलणं ऐकून त्यांना वाटलं होतं, पाहुणे आलेत. मला हॉर्न वाजवून काकूंना सावध करावंसं वाटलं, पण बॅटरी कधीच मेलेली. बरं झालं मेलेली होती.

 काकांनी पेटी खाली ठेवली. हळूच आले, पाय टाकला आणि पुढच्या सीटवर बसले. काकूंकडे पाठ करून.

"अगं बाई!" काकू दचकल्या.

"कधीपासून?" काकांनी समोरच्या भिंतीकडे बघत विचारलं.

"दोन वर्षं होतील."

"घरात का नाही सांगितलंस?"

"घरात तुम्ही समोर असता," काकू म्हणाल्या. "तोंडाकडे बघून मला नाही बोलता येत."

काका बराच वेळ हँडल धरून बसून राहिले. गाडी कुठेच जात नव्हती, पण दोघं अंधार पडेपर्यंत उतरले नाहीत.

दुसऱ्याच दिवशी काका काकूंना मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. मोतीबिंदू पार पिकलेला. "तुम्ही स्वतः चष्मेवाले ना हो?" डॉक्टर म्हणाले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. काकांनी मान खाली घातली. ऑपरेशन झालं आणि पट्टी निघाली तेव्हा काकू पहिलं काय म्हणाल्या? "अहो, तुम्ही किती म्हातारे झालात!"

मग माझी पाळी. मिस्त्री आला. त्याला सगळे कानसेन म्हणतात, कारण तो इंजिनाला स्क्रू ड्रायव्हरचं टोक लावतो, मूठ कानाला लावतो आणि आतलं दुखणं ऐकतो. त्याने कान लावला, मी काय बोलणार? किकच बसेना.

"काका, पिस्टन आत अडकलाय. बसून बसून."

"अरे, जिवापाड जपली होती तिला."

"तेच तर! मेणाची बाहुली आहे का ती? आता टिटवीचा पिस्टन आणू कुठून? कंपनीने दुकान गुंडाळलं." त्याने डोकं खाजवलं. "एका जनरेटरचा पिस्टन आहे माझ्याकडे. सिलिंडर थोडा मोठा करून बसवतो. पण आवाज बदलेल, सांगून ठेवतो."

काकांचा चेहरा पडला. "मग ती अस्सल टिटवी कुठे राहिली?"

"माझ्या डोळ्यात आता प्लास्टिकचं भिंग आहे," काकू म्हणाल्या. "मी अस्सल राहिले का सांगा!"

कानसेन फिस्सकन हसला. काकांनी मुकाट्याने पाना उचलून त्याच्या हातात दिला.

आता माझ्या पोटात जनरेटर आहे. मी थोडी खोकते, थोडी घोरते आणि चढावर तर अशी गरजते, की डोंगर बाजूला सरकतो. पहिल्या दिवशी काका पुढे, काकू मागे, मांडीवर पेटी. गावाबाहेर आलो आणि काकांनी मान वळवून विचारलं, "ती पुढची पाटी वाच बघू."

"'वळण आहे, वाहने सावकाश चालवा.' आणि मागे काय बघताय? खड्डा!"

काकांनी ब्रेक दाबला. आम्ही खड्ड्याच्या काठावर थांबलो.

"तुला दिसला?"

"मला दिसला, तुम्हाला नाही. घरी चला, आज मी तुमचे डोळे तपासते!"

तेव्हा मित्रांनो, माझं एवढं ऐका. एखादी वस्तू पुन्हा मिळणार नाही असं कळलं, तर तिला झाकून ठेवू नका. वापरा. पुसा, तेलपाणी करा, पण वापरा. ओरखडा पडला तर पडू दे. आणि घरात कुणी गप्प गप्प असेल, तर त्याच्यासमोर उभं राहून "काय झालं, काय झालं" करू नका. जवळ जाऊन बसा, तोंड दुसरीकडे करा आणि थोडा वेळ थांबा. बोलतात माणसं.